घरातलं जनावर अचानक आजारी पडलं तर? यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबांसाठी तातडीच्या पशुवैद्यकीय मदतीची माहिती

आपल्या वस्त्यांमध्ये एकही जनावर नाही असं घर शोधावं लागतं. कुणाच्या अंगणात दोन बकऱ्या, कुणाच्या गच्चीवर कबुतरं, कुणाच्या सोफ्यावर पर्शियन मांजर, आणि शेतकरी घर असेल तर बैलजोडी आणि राखणीचा कुत्रा. माणूस अत्यवस्थ झाला तर १०८ ला फोन करायचा, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण रात्री अकरा वाजता बकरी फुगली तर फोन कुणाला करायचा, असं विचारलं की मोठी माणसंही एकमेकांकडे बघतात. मग कुणी सोडा पाजतो, कुणी तेल पाजतो, आणि शेवटी कुणीतरी म्हणतो, "मरायच्या आत हलाल करून घ्या." या शेवटच्या सल्ल्यात मोठा धोका आहे, त्याबद्दल पुढे सांगतोच.

ही माहिती आम्ही एकाच ठिकाणी मांडली आहे, म्हणजे ऐनवेळी शोधत बसायला नको. हा लेख डॉक्टरच्या जागी नाही. डॉक्टरपर्यंत लवकर पोहोचता यावं आणि तोवर जनावराचं आणखी नुकसान होऊ नये, एवढ्यासाठी तो आहे.

मदत कुठे मिळते?

सरकारी व्यवस्थेच्या पायऱ्या आधी समजून घ्या.

गावपातळीवर पशुवैद्यकीय दवाखाने असतात. श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर, म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात. श्रेणी २ च्या दवाखान्याचं काम पशुधन पर्यवेक्षक बघत आले आहेत. ताप, जखम, लसीकरण यासाठी पर्यवेक्षकांची मोठी मदत होते. पण ऑपरेशन, अडलेली बकरी, विषबाधा अशा वेळी पदवीधर डॉक्टरच लागतो. म्हणून आपल्या गावाला जवळचा श्रेणी १ चा दवाखाना कोणता, हे आधीच विचारून ठेवा.

त्याच्या वर तालुक्याला लघु पशुसर्वचिकित्सालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुसर्वचिकित्सालय अशी रचना आहे. आपल्या जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि पसारा मोठा आहे. झरी जामणीच्या माणसाला यवतमाळ जितकं लांब, तितकंच उमरखेडच्या माणसालाही. त्यामुळे "यवतमाळला घेऊन जा" हा सल्ला सगळ्यांसाठी सारखा उपयोगाचा नाही.

मोठी तपासणी किंवा शस्त्रक्रिया लागली तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि ते सेमिनरी हिल्स भागात आहे. यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. कळंब, राळेगाव, पांढरकवडा, वणी, मारेगाव या बाजूच्या लोकांना नागपूर सोयीचं. दारव्हा, नेर, दिग्रसच्या लोकांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था बघता येईल. पुसद, उमरखेड, महागावच्या लोकांनी परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही लक्षात ठेवावं. निघण्याआधी तिथे फोन करून त्या वेळी डॉक्टर आहेत का, आणि एक्स-रे, सोनोग्राफी होईल का, हे विचारूनच गाडी काढा.

१९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक आहे. यातून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची सेवा मिळते. गाडीत डॉक्टर, त्यांचा सहायक आणि चालक असतो. ही सेवा मुख्यतः पशुधनासाठी, म्हणजे गाय, बैल, म्हैस, बकरी यांच्यासाठी आहे. मांजर किंवा कुत्र्यासाठी फोन करत असाल तर तसं आधीच सांगा आणि काय सोय होईल ते विचारा. गाडी पोहोचायला वेळ लागतो, म्हणून १९६२ ला फोन केला तरी जवळच्या दवाखान्यालाही फोन करा.

खासगी डॉक्टर शहरांत आणि तालुक्याच्या गावांत आहेत. पण मांजर-कुत्र्यांचा इलाज नेहमी करणारे कमी, आणि रात्री फोन उचलणारे त्याहून कमी. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून आपली तयारी हाच आपला पहिला इलाज.

आजच करून ठेवायची कामं

जनावर ठणठणीत असताना ही पाच कामं करा.

१. एका कागदावर मोठ्या अक्षरात नंबर लिहून दारामागे चिकटवा: १९६२, जवळच्या श्रेणी १ दवाखान्याचा, तालुका चिकित्सालयाचा, दोन खासगी डॉक्टरांचा, आणि रात्री येईल अशा अॅपे किंवा टेंपोवाल्याचा. मोबाईलमध्ये नंबर असतोच, पण मोबाईल घेऊन अब्बा बाहेरगावी गेलेले असतात. कागद घरातच राहतो.

२. दवाखान्यात एकदा स्वतः जाऊन वेळेचा फलक वाचा. सुटीच्या दिवशी आणि रात्री काय व्यवस्था असते ते विचारा.

३. खासगी डॉक्टर निवडताना ते नोंदणीकृत आहेत का बघा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी असेल तोच जनावरांचा डॉक्टर. पिशवीत चार इंजेक्शनं घेऊन फिरणारा प्रत्येक माणूस डॉक्टर नसतो.

४. बकऱ्या आणि ढोरांच्या कानात बिल्ला मारून घ्या. त्यावर बारा आकडी नंबर असतो. राज्यात २०२४ पासून खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी दवाखान्यातली सेवा या सगळ्यांसाठी या बिल्ल्याचा आग्रह आहे. नंबर वहीत उतरवून ठेवा आणि बिल्ल्याचा फोटोही काढून ठेवा.

५. एका डब्यात थर्मामीटर, स्वच्छ कापडाच्या पट्ट्या, कापूस, हातमोजे, टॉर्च, सुईशिवाय मोठी सिरिंज आणि साबण ठेवा. मांजर असेल तर झाकणाची टोपली किंवा पिंजराही हवा. घाबरलेली मांजर हातात धरून मोटारसायकलवर नेता येत नाही, ती रस्त्यातच पळते.

थर्मामीटर गुदद्वारात लावून ताप बघतात. बकरीचं तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं, मांजर-कुत्र्याचं १०० ते १०२.५. म्हणजे १०२ आकडा दिसला की लगेच "ताप आहे" असं धरू नका, माणसाचा हिशोब जनावराला लागत नाही.

फोनवर काय सांगायचं?

"डॉक्टरसाहेब, बकरी सिरीयस आहे, लवकर या," एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. या क्रमाने सांगा: जनावर कोणतं, नर की मादी, वय, गाभण आहे का. त्रास कधी सुरू झाला. शेवटचं खाल्लं-प्यायलं कधी आणि काय. शेण, लघवी, रवंथ चालू आहे का. श्वास कसा आहे, उभं राहतं का. काही औषध आधीच दिलं का. शेवटी गाव आणि ठळक खूण. व्हॉट्सअॅपवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवता आला तर फार उत्तम. घरगुती काही पाजलं असेल तर लाजू नका, सांगून टाका. ते लपवलं तर पुढचं औषध उलटू शकतं.

सकाळपर्यंत थांबायचं नाही अशी लक्षणं

• श्वास घेताना तोंड उघडं, मान लांब, किंवा हिरड्या निळ्या-पांढऱ्या
• बकरीचं पोट डावीकडून ढोलासारखं फुगलेलं
• लघवीला जोर लावतंय पण थेंबच येतोय
• झटके, थरथर, तोंडाला फेस
• न थांबणारं रक्त, उघडं पडलेलं हाड, गाडीची धडक
• मादी जोर लावतेय पण पिल्लू येत नाही
• विष खाल्ल्याचा किंवा साप चावल्याचा संशय
• मांजर चोवीस तास काहीच खात नाही, किंवा लहान पिल्लू वारंवार उलट्या-जुलाब करतंय

यांतलं एकही दिसलं तर रात्र असो की पहाट, फोन लावा.

बकरी आणि बोकड

आपल्याकडे सगळ्यात जास्त अडचण इथेच येते, विशेषतः बकरी ईदच्या आधीच्या महिन्यात. चारच दिवसांपूर्वी बाजारातून आणलेलं जनावर, नवी जागा, आणि घरातला प्रत्येक जण प्रेमाने काहीतरी खाऊ घालतोय. पोरं चपात्या देतात, दादी भिजवलेले गहू देते, पाहुणे केळी देतात. बकरीचं पोट चाऱ्यासाठी बनलं आहे. एकदम भरपूर धान्य, भात, पोळ्या किंवा उरलेली बिर्याणी पोटात गेली की ते सडून आंबतं आणि आम्लाचं विष तयार होतं. काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी जनावर मलूल होतं, रवंथ बंद पडते, आंबट वासाचे पातळ जुलाब होतात, चाल लडखडते. अशा वेळी धान्य ताबडतोब बंद करा आणि डॉक्टरला बोलवा. हा साधा अपचनाचा त्रास नाही, यात जनावर मरतं. नव्या बोकडाला पहिला आठवडा कुटार, हिरवा पाला आणि पाणी यांवरच ठेवा. ढेप किंवा दाणा द्यायचाच असेल तर मूठमुठीने वाढवत न्या.

पोटफुगी. पावसाळ्यात ओला, कोवळा चारा भरपूर खाल्ल्याने किंवा घशात काही अडकल्याने वायू बाहेर पडत नाही. डावी कूस फुगते, जनावर सारखं उठबस करतं, श्वास लागतो. जनावराला उभं ठेवा, पुढचे पाय थोड्या उंचीवर, डावी कूस वरच्या दिशेने चोळा. तोंडात आडवी गुळगुळीत काडी बांधली तर ते चघळतं आणि वायू सुटायला मदत होते. तेल पाजायचं की नाही आणि किती, हे फोनवर डॉक्टरांना विचारा. आडव्या पडलेल्या जनावराला काहीही पाजायचं नाही, ते फुप्फुसात जातं आणि पोट बरं होऊनही जनावर न्यूमोनियाने जातं. पोटात सुई किंवा सुरी खुपसणं हे डॉक्टरचं काम आहे.

लघवी अडकणे. हे फक्त नरांत, आणि खस्सी केलेल्या बोकडात जास्त. लहानपणी खस्सी केल्यावर मूत्रमार्ग अरुंद राहतो. त्यात वजन वाढवायला भरपूर दाणा आणि ढेप, पाणी मात्र कमी, असं झालं की खडे तयार होऊन वाट अडवतात. बोकड मागचे पाय ताणून उभा राहतो, शेपूट हलवतो, कण्हतो, दात खातो. घरचे लोक म्हणतात बद्धकोष्ठ झालं आणि जुलाबाचं औषध देतात. इथेच वेळ जातो. एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटतं आणि मग इलाज राहत नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टाळायचं असेल तर सावलीत सतत ताजं पाणी, थोडं मीठ, डॉक्टरांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण, आणि दाण्यापेक्षा चारा जास्त.

ज्वारीची विषबाधा. कापणीनंतर बुंध्याला फुटलेले कोवळे धुमारे, किंवा पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी यात सायनाइडचं विष असतं. खाल्ल्यावर काही मिनिटांतच धाप, थरथर, कोसळणं. यावर शिरेतून द्यायचा उतारा आहे, पण वेळ फार कमी मिळतो. म्हणून बकऱ्या कुणाच्या वावरात शिरल्या होत्या, हे चरायला नेणाऱ्या पोराला लगेच विचारा. त्याला रागावू नका, नाहीतर तो खरं सांगणार नाही.

अडलेली बकरी. पाण्याची पिशवी फुटून, जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि पिल्लाचे दोन पाय आणि तोंड दिसलं नाही, तर डॉक्टरला बोलवा. ओढाताण करू नका, गर्भाशय फाटतं. वार बारा तासांत पडली नाही तरी डॉक्टर हवा, हाताने ओढायची नाही.

पीपीआर. शेळ्यांचा प्लेग म्हणतात तो हाच. ताप, नाक-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, जुलाब. एकीला झाला की कळप धरतो. याची आणि आंत्रविषाराची लस सरकारी दवाखान्यात मिळते. बाजारातून आणलेली बकरी दोन-तीन आठवडे वेगळी बांधणं, ही सगळ्यात स्वस्त सावधगिरी.

मांजर आणि कुत्रा

मांजरीला माणसाची गोळी देऊ नका, हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करून घ्या. क्रोसिन, डोलो यांत पॅरासिटामॉल असतं. माणसाच्या मुलाला जी अर्धी गोळी ताप उतरवते, तीच मांजरीचा जीव घेते. मांजरीचं शरीर ते औषध पचवूच शकत नाही. चेहरा सुजतो, हिरड्या तपकिरी-निळ्या होतात, श्वास लागतो. उतारा आहे, पण काही तासांतच मिळाला तर. तसंच कुत्र्यासाठीची गोचिडांची काही औषधं, ज्यात परमेथ्रिन असतं, मांजरीला लावली की तिला झटके येतात. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या मांजर-कुत्रा दोघांनाही घातक.

बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, ओरडतोय, पण ट्रे कोरडा आहे, तर त्याची लघवी अडकली आहे. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. हे बद्धकोष्ठ समजू नका.

गच्चीवरून पडलेली मांजर चालताना दिसली तरी आतून मार असू शकतो. टोपलीत ठेवून डॉक्टरला दाखवा. कुत्र्याच्या पिल्लांत रक्ताचे जुलाब आणि उलट्या म्हणजे बहुधा पार्व्हो. सलाईन लवकर लागलं तर वाचतात. लस वेळेवर दिली तर ही वेळच येत नाही.

उंदीर मारायचं औषध घरात ठेवलं असेल तर त्याचं वेष्टन जपून ठेवा. काही औषधं रक्त गोठू देत नाहीत आणि त्यावर व्हिटॅमिन के चालतं, झिंक फॉस्फाइडवर ते चालत नाही. नाव कळलं तरच योग्य इलाज होतो. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका.

फवारणीचं विष

आपला जिल्हा कापसाचा. २०१७ च्या खरिपात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. जे औषध धडधाकट माणसाला पाडतं, ते बांधावर चरणाऱ्या बकरीला काय करेल? फवारलेल्या वावरातलं गवत, औषध लावलेलं बियाणं, औषधाच्या रिकाम्या डब्यातून पाजलेलं पाणी, या तीन वाटांनी विष जनावरात जातं.

लक्षणं: तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, वारंवार शेण-लघवी, अंगाची थरथर, धाप. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्याने धुवा. दूध, तेल, तूप पाजू नका, काही विषं तेलाने आणखी लवकर भिनतात. औषधाचा डबा किंवा लेबल डॉक्टरला दाखवा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर अॅट्रोपिन हा उतारा आहे आणि तो दवाखान्यात मिळतो. धुणाऱ्या माणसाला चक्कर, मळमळ झाली तर त्यालाही लगेच रुग्णालयात न्या.

साप आणि ऊन

साप चावला असं वाटलं तर चीर देणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, यांतलं काही करू नका. जनावराला शक्यतो चालवू नका, गाडीतून न्या. माणसाला देतात तीच सर्पविषावरची लस जनावरांनाही चालते. निघण्याआधी फोन करून ती उपलब्ध आहे का विचारा. साप मारायच्या मागे लागू नका, सर्पमित्राला बोलवा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत बांधलेला बोकड, बंद गाडीतला कुत्रा, दाट केसांची पर्शियन मांजर, यांना उष्माघात लवकर होतो. सावलीत आणा, साध्या पाण्याने अंग ओलं करा, पंखा लावा, शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी द्या. बर्फाचं पाणी ओतू नका, त्याने कातडीतल्या शिरा आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

कोंबड्या, कबुतरं आणि पोपट

एक कोंबडी मेली तर ते नेहमीचं असू शकतं. एकाच दोन दिवसांत अनेक मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, मेलेल्या कोंबड्या उघड्या हाताने उचलू नका, खाऊ नका, विकू नका. मांजात अडकलेल्या पक्ष्याचा मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापा आणि पुठ्ठ्याच्या डब्यात अंधारात ठेवून घेऊन जा. आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. जखमी पोपट किंवा कुठलाही रानटी प्राणी सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पांढरकवडा-टिपेश्वर भागात वाघ-बिबट्याने जनावर मारलं तर मढं हलवू नका, वन विभागाला लगेच कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

चावा घेतला तर आधी माणूस

आपल्या स्वतःच्या मांजरीने किंवा कुत्र्याने चावलं, ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना लावू नका. मग सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. खोल जखमेला वेगळं इंजेक्शनही लागतं, ते यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी विचारा.

बकरीला किंवा गाईला पिसाळलेला कुत्रा चावला तरी जखम अशीच धुवा आणि डॉक्टरला बोलवा. जनावरांनाही चावल्यानंतरची लस असते. आणखी एक सांगतो: लाळ गाळणारं, गिळता न येणारं जनावर दिसलं की लोक घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालतात. रेबीजमध्येही असंच दिसतं. हात घालू नका.

गाडीतून नेताना

हा मुद्दा नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा २०१५ पासून लागू आहे. आजारी गाय किंवा बैल टेंपोत घालून रात्री निघालेल्या आपल्या माणसाला रस्त्यात अडवलं तर गैरसमज वाढायला वेळ लागत नाही. म्हणून मोठ्या जनावरासाठी आधी १९६२ वरून किंवा दवाखान्यातून डॉक्टरच घरी बोलवा. न्यावंच लागलं तर डॉक्टरांची पुढे पाठवण्याची चिठ्ठी, कानातला बिल्ला, ओळखपत्र सोबत ठेवा. जनावर एकच न्या, त्याला पुरेशी जागा आणि खाली कुटार असू द्या. निघताना पोलीस पाटील किंवा सरपंचांना कळवा. कुणी अडवलं तर वाद घालू नका, चिठ्ठी दाखवा, ११२ ला फोन करा आणि डॉक्टरांशी बोलणं करून द्या.

"मरायच्या आत हलाल करा"

आता सुरुवातीला सांगितलेला मुद्दा. पैसा वाया जाऊ नये म्हणून तडफडणाऱ्या जनावरावर सुरी फिरवायची आणि गोश्त वाटून टाकायचं, हे अजूनही होतं. जबीहा बरोबर झाला म्हणून ते गोश्त खाण्यालायक झालं, असं नाही. जनावर विषाने आजारी असेल तर ते विष गोश्तात असतं. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेलं असेल तर कापणाऱ्याच्या हाताला धोका आहे. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असेल तर कापणारा, साफ करणारी आणि खाणारे सगळेच सापडतात. अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर त्याला चिरायचं तर नाहीच, हातही लावायचा नाही. दवाखान्याला कळवून ते खोल पुरायचं. आपल्या जिवाला जाणूनबुजून धोक्यात घालणं दीनमध्येही चालत नाही.

औषध चालू असलेल्या जनावराचं दूध आणि गोश्त किती दिवस वापरायचं नाही, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहा. कुर्बानीच्या जनावरात उघड आजार, उघड लंगडेपणा, एका डोळ्याचं उघड अंधत्व आणि अगदी हाडं निघालेला अशक्तपणा हे चार ऐब नसावेत, असं हदीसमध्ये आलं आहे. खरेदीनंतर जनावर आजारी पडलं तर आधी इलाज करा आणि कुर्बानीचा मसला आपल्या आलिमांना विचारा. डॉक्टर आणि आलिम दोघांचंही ऐका, दोघांची कामं वेगळी आहेत.

राहिला कुत्र्याचा प्रश्न. "कुत्र्याला दवाखान्यात कुठे न्यायचं, कपडे नापाक होतील," असं ऐकू येतं. लाळ लागली तर धुवायचं, एवढाच तो मसला, तो आपापल्या आलिमांकडून समजून घ्या. शेत आणि जनावरं राखायला कुत्रा ठेवायची परवानगी आहे, आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्यावर माफी मिळाल्याचा किस्सा बुखारी शरीफमध्ये आहे. त्याच बुखारी शरीफमध्ये मांजरीला कोंडून उपाशी मारल्याबद्दल सजा झाल्याचंही आहे. घरात ठेवलेलं जनावर ही अमानत आहे, त्याच्या चाऱ्याबरोबर त्याचा इलाजही आपल्याकडेच आला.

खर्चाचं काय?

सरकारी दवाखान्यात नाममात्र शुल्क असतं, बाहेरून आणायच्या औषधांचा खर्च वेगळा. खासगीत रात्रीची फी जास्त लागते, ती आधी विचारायला संकोच करू नका. मोहल्ल्यात आठ-दहा घरांत बकऱ्या असतील तर मिळून एक छोटा फंड करता येतो. लसीकरणासाठी एकत्र अर्ज दिला तर पथक एकाच दिवशी सगळ्यांकडे येऊन जाऊ शकतं. मशिदीच्या फलकावर १९६२ आणि दवाखान्याचा नंबर लिहायला खडूशिवाय काही लागत नाही. बकरी ईदच्या महिनाभर आधी हे काम कुणीतरी अंगावर घ्यावं, अशी आमची विनंती आहे.

दारामागच्या कागदावर इतकं लिहा

• १९६२, जवळचा श्रेणी १ दवाखाना, दोन खासगी डॉक्टर, गाडीवाला
• वन विभाग १९२६, पोलीस ११२
• माणसाची गोळी जनावराला नाही
• आडव्या जनावराला काही पाजायचं नाही
• नर जनावराची लघवी अडकली तर त्याच दिवशी डॉक्टर
• विषाचं लेबल सोबत न्यायचं
• चावा घेतला तर १५ मिनिटं साबण आणि पाणी, मग रुग्णालय
• आजारी जनावराचं गोश्त डॉक्टरला विचारल्याशिवाय खायचं-वाटायचं नाही

घरात कुणाचं अक्षर चांगलं असेल त्या पोराकडून हा कागद आजच लिहून घ्या. लिहिता लिहिता त्याचंही पाठ होईल.